योनसचा आवाज

वीणानं सांगितलं म्हणून वृंदा भाटवडेकर आपल्या मुलाला घेऊन नोएडाला गेली. वीणा तिची मैत्रीण, रेडिओवर बातम्या वाचायची. गणपतीच्या कार्यक्रमात तिनं मानसला नाटकात बोलताना ऐकलं होतं. "जपानी कार्टून आहे, हिंदीत करतायत," ती म्हणाली, "दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा आवाज हवाय त्यांना. सगळीकडून पोरं येतायत, पण पोपटासारखी बोलतात. मानसला घेऊन जा की एकदा."

मानस तेव्हा सहावीत होता. घर आर. के. पुरमला, सरकारी क्वार्टरमध्ये. वडील, विष्णू, मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. वृंदा लग्नाआधी पुण्यात बालनाट्यांत कामं करायची. दिल्लीला आल्यावर ते सुटलं. त्याबद्दल तिनं कधी कुरकुर केली नाही, पण दर वर्षी गणपतीत कॉलनीतल्या मराठी मुलांचं नाटक बसवायला घेतलं की मुलं तिला घाबरायची. एखादं वाक्य मनासारखं येईपर्यंत ती सोडायची नाही. त्या मुलांमध्ये न घाबरणारा एक मानसच.

शाळेत मात्र त्याला कोणी विचारत नसे. आडनाव कोणाला धड उच्चारता यायचं नाही, खेळात तो शेवटचा, आणि आवाज मुलीसारखा पातळ. फोन उचलला की समोरचा माणूस "बेटी, पापा को बुलाओ" म्हणायचा.

नोएडा तेव्हा अर्धंच झालं होतं. रुंद रस्ते, रिकामे प्लॉट, त्यांवर कंपन्यांच्या नावाच्या पाट्या. दोन बस बदलून मायलेक पोचली तेव्हा दोघांच्या केसांवर धूळ बसली होती. स्टुडिओ एका नव्या इमारतीच्या तळघरात होता. डबिंग करून घेणारे भसीन नावाचे गृहस्थ पूर्वी नाटकात होते. अंगानं जाड, कायम स्वेटर घातलेले, बोलताना खिशातली खडीसाखर चघळायचे.

मालिका युरोपातल्या कुठल्याशा थंड देशातल्या, मुलांच्या एका जुन्या कादंबरीवरून जपान्यांनी काढलेली होती. नदीवर मीठ वाहून नेणारी एक होडी, होडीवर एक आंधळा, रागीट म्हातारा आणि त्याचा पुतण्या, योनस. आईबाप साथीत गेलेले. म्हातारा वल्ही मारतो आणि योनस त्याचे डोळे होतो, एवढीच गोष्ट. गावोगावची माणसं त्यात येतात आणि जातात. केबलवरच्या एका नव्या चॅनलनं ती रविवार सकाळसाठी घेतली होती.

भसीननी मानसला काचेपलीकडच्या खोलीत उभं केलं आणि कानांवर हेडफोन चढवले. समोरच्या पडद्यावर योनस दिसला, कानात त्याचं जपानी बोलणं आलं. त्याचे ओठ हलतील तेवढ्या वेळात हिंदी वाक्य बसवायचं होतं. मानसनं चित्र एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा बोलला. भसीन खडीसाखर चघळायची विसरले.

"भाभीजी," ते वृंदाला म्हणाले, "होठ तो सब पकड़ लेते हैं. इसने उसकी सांस पकड़ ली."

अशा रीतीनं मानस योनस झाला.

आठवड्यातून दोन दुपारी आणि शनिवारी पूर्ण दिवस रेकॉर्डिंग असायचं. वृंदा प्रत्येक वेळी बरोबर जायची. बसमध्ये ती त्याच्याकडून वाक्यं म्हणून घ्यायची, अडलं तिथे थांबवायची, पुन्हा म्हणायला लावायची. काही आठवड्यांत तिला सगळ्या भागांची सगळी वाक्यं पाठ झाली. स्टुडिओत ती भसीनच्या शेजारी, काचेच्या अलीकडे बसायची. प्रत्येक टेकनंतर भसीन तिच्याकडे बघायचे. तिनं मान डोलावली की पुढचं वाक्य, तिनं मान हलवली की तेच पुन्हा. असं ठरवलं कोणी नव्हतं, पण तसा पायंडा पडला.

मानसला मात्र काचेअलीकडे काय चाललंय याच्याशी देणंघेणं नसायचं. त्याचं सगळं लक्ष कानात. जपानी योनस त्याच्या कानात बोलायचा, दमायचा, हसायचा, आणि मानस त्याच्या अगदी मागोमाग जायचा. घरी तो त्याला 'तिकडचा' म्हणायचा.

"आई, तिकडचा रडायच्या आधी नाक ओढतो, माहितीये? दर वेळी. मीपण तसंच करतो आता."

"हो का?"

"त्यालाही त्याची आई घेऊन जात असेल ना स्टुडिओत? अच्छा, तिकडे बस असते की ट्रेन?"

वृंदानं त्याला पुढचं वाक्य म्हणायला लावलं. एकदा त्यानं भसीनना विचारलं की तिकडच्याला भेटता येईल का. भसीन हसून म्हणाले, "क्यों नहीं बेटा, टोकियो चलेंगे सब." मानसनं ते खरं धरलं. शाळेच्या ॲटलासमध्ये त्यानं टोकियोभोवती पेन्सिलीनं गोल केला.

मालिका सुरू झाली आणि पहिल्या महिन्याभरातच शाळेत सगळं बदललं. त्याला "ओए योनस" म्हणून हाका यायला लागल्या. मधल्या सुट्टीत मोठ्या वर्गातली मुलं त्याला घेरून काहीतरी बोलायला लावायची, आणि तो बोलायचा. पातळ आवाजाची थट्टा बंद झाली. विष्णूच्या ऑफिसातही बातमी गेली. डेप्युटी सेक्रेटरींनी त्याला लिफ्टमध्ये थांबवून सांगितलं की त्यांचा नातू रविवारी सकाळी दुसरं काही बघू देत नाही. विष्णू ही गोष्ट घरी येऊन सांगताना दोनदा हसला. एरवी तो कमी हसायचा.

पहिलं वर्ष असं गेलं. दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी मानसनं न्हाणीघरातून टॉवेलसाठी हाक मारली आणि हाकेच्या मध्यावर आवाज खाली घसरला. जाड, फाटका, परका आवाज.

विष्णू वर्तमानपत्रामागून हसला. "अरे वा! मोठे झाले आमचे चिरंजीव."

वृंदा टॉवेल घेऊन दारात उभी राहिली. मानसनं दार किलकिलं करून हात बाहेर काढला आणि हळूच विचारलं, "आई, परत येईल ना तो? आधीचा?"

"सर्दी झाली असेल," वृंदा म्हणाली.

त्या आठवड्यात स्टुडिओत दोन टेक फाटले. भसीननी मानसला बाहेर पाठवलं आणि वृंदाला म्हणाले, "भाभीजी, लड़का बड़ा हो रहा है. ये तो होना ही था. बस मार्च तक खींच लो. बीच में आवाज बदली तो चॅनलवाले सीरियल ही बंद कर देंगे."

वृंदानं खेचायचं ठरवलं. ज्येष्ठमध, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या हे सगळं केलंच, पण त्याहून जास्त म्हणजे तिनं त्याला आवाज वर चढवायला शिकवलं. पुण्यात तिनं स्वतः लहान मुलांची कामं केली होती, तिला ते येत होतं. "घशातून नको काढूस. इथून, कपाळातून काढ. मी काढते बघ." ती काढायची, तो तिच्यासारखं करायचा. महिनाभर जमलं. मग दमायला लागला.

मानस आता घरीही त्याच चढ्या आवाजात बोलायला लागला, नाहीतर बोलतच नसे. खाली उतरला तर परत वर चढणार नाही अशी त्याला भीती वाटायची. वर्गातल्या कोणीतरी सांगितलं की कमी जेवलं तर उंची वाढत नाही आणि आवाजही फुटत नाही. तो डब्यातल्या पोळ्या कुत्र्यांना घालायला लागला. डोळ्यांखाली काळं आलं. विष्णूच्या ते लक्षात आलं.

"पुरे झालं आता," तो वृंदाला म्हणाला. "सोडव त्याला यातून. दहावी काय फार लांब नाही."

"मार्चपर्यंतच आहे हो. आता सोडलं तर त्यालाच जन्मभर वाटत राहील."

"त्याला विचारलंयस?"

"विचारा तुम्ही."

विष्णूनं विचारलं. मानस त्या चढ्या, बारीक आवाजात म्हणाला, "बाबा, प्लीज. मला करायचंय." विष्णूनं मग विषय सोडला. लिफ्टमधले ते साहेब अजूनही दर सोमवारी भागाबद्दल बोलायचे.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पुराचा भाग होता. नदीला पूर येतो, होडीचा दोर तुटतो, आंधळा काका एकटाच होडीत वाहून जायला लागतो आणि योनस काठाकाठानं ओरडत धावतो. मोठा, अवघड प्रसंग. भसीननी तो दुपारी घेतला, मानसचा घसा सकाळच्या कामानं सैल होईल म्हणून.

"चाचा! दाएं! दाएं मोड़ो!" एवढीच वाक्यं, पण धावत, धापा टाकत, वाऱ्यावर मात करून. तिसरा टेक चांगला झाला. भसीननी वृंदाकडे पाहिलं. वृंदाच्या कानात अजून जपानी किंकाळी होती, तिच्या शेवटी आवाज उलटून निघत होता, भांडं फुटावं तसा. मानसचा तसा निघाला नव्हता. तिनं मान हलवली. पुन्हा झालं. पुन्हा तिनं मान हलवली. काचेपलीकडून मानसनं अंगठा तोंडाकडे नेऊन पाणी मागितलं. त्याला पाणी दिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि कानशिलं घामानं ओली.

"एक और, भाभीजी?" भसीननी विचारलं. "या रहने दें? ठीक तो है."

वृंदानं मान डोलावली. एक और.

या वेळी तो निघाला. आवाज वर गेला, आणखी वर गेला आणि टोकाला उलटला, अगदी तसाच. भसीन खुर्चीतून अर्धे उठले. पुढचं वाक्य यायचं होतं ते आलं नाही. मानसचं तोंड हलत होतं, माईकवर नुसती हवा येत होती. त्यानं गळ्याला हात लावला, मग खिशातून रुमाल काढून त्यात थुंकला आणि रुमालाकडे बघत राहिला. वृंदा आत धावली. रुमालावर लाल धागे होते.

"यही रखेंगे," भसीन मागे रेकॉर्डिंगवाल्याला सांगत होते. "यही टेक."

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं. स्वरतंतूत रक्तस्राव झाला होता. "बोलायचं नाही," ते म्हणाले, "कुजबुजायचंसुद्धा नाही. मी सांगेपर्यंत एक शब्द नाही. आणि एक समजून घ्या, लहानपणचा आवाज गेला तो गेला, ते वयच संपलं. आता जो मोठा आवाज येणार आहे तो नीट यावा असं वाटत असेल तर याला गप्प ठेवा."

मानस गप्प झाला. खुणा करायचा, हसायचा नाही. शाळेत विष्णूनं घसा धरल्याचं कळवलं.

चार-सहा दिवसांनी भसीन घरी आले. मिठाईचा डबा मानसच्या मांडीवर ठेवून त्यांनी त्याची पाठ थोपटली, मग विष्णूकडे वळले. चॅनलला वेळेवर भाग द्यायचे होते. दुसरा मुलगा घेतला तर आवाज बदललेला कोणालाही कळेल. एकच माणूस असा होता ज्याला सगळी वाक्यं पाठ होती आणि मानसचा आवाज कुठून निघतो ते ठाऊक होतं.

"भाभीजी कर लेंगी," ते म्हणाले. "किसी को पता भी नहीं चलेगा. नाम मानस का ही जाएगा."

विष्णूला ते पटेना. "औरत? बारा साल के लड़के की आवाज?"

भसीन मोठ्यानं हसले. "अरे भाई साहब, जापान में भी तो औरत ही है! पचास की होगी. वहां लड़कों की आवाज हमेशा औरतें ही करती हैं. लड़के का क्या भरोसा, कल फट जाए."

मानस त्याच खोलीत दिवाणावर बसला होता. त्यानं भसीनकडे पाहिलं, जणू हिंदी त्याला नीट कळलं नव्हतं. मग आईकडे पाहिलं. मिठाईचा डबा मांडीवरून उचलून त्यानं टेबलावर ठेवला आणि उठून आतल्या खोलीत गेला.

भसीन गेल्यावर वृंदा आत गेली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"मला माहीत नव्हतं रे," ती म्हणाली.

हे खरं नव्हतं. ऑडिशनच्या दिवशीच काचेअलीकडच्या हेडफोनवर तो आवाज ऐकून तिनं ओळखलं होतं की तो बाईचा आहे, वयस्क बाईचा, कपाळातून काढलेला. मानसच्या डोळ्यांत तिकडचा मुलगा बघून तिनं ते सांगितलं नव्हतं. मग सांगायचं राहून गेलं. आणि ते बाईचं काम आहे हे माहीत असूनच तिनं पुराच्या दिवशी पोराला आवाज तिथवर चढवायला लावलं होतं.

ती कॉटवर बसली. "मी जाऊ का? तू नको म्हण, मी नाही जाणार. खरंच."

मानस वळला. मग त्यानं मान डोलावली, भसीनकडे बघून ती स्वतः डोलवायची तशीच, छोटीशी आणि एकदाच. आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

वृंदा गेली. आता तिच्यासाठी स्टुडिओची व्हॅन यायची. पहिल्या दिवशी ती काचेपलीकडे उभी राहिली आणि हेडफोन चढवले. पहिलं वाक्य बोलली आणि भसीननी दोन्ही हात वर केले. मानसचं नाक ओढणं, मानसची वाक्याच्या शेवटची घाई, सगळं तिच्याकडे होतं. वर आणखी काहीतरी तिचं स्वतःचं होतं, जे पुण्यात कुठेतरी ठेवून आली असं ती समजत होती. संध्याकाळी व्हॅनमधून परतताना ती गुणगुणत होती. आर. के. पुरमचा चौक आला तशी ती थांबली. घरात शिरताना चेहरा दमलेला ठेवला.

पुराचा भाग रविवारी लागला तेव्हा कॉलनीतली पोरं नेहमीप्रमाणे भाटवडेकरांकडे जमली होती. मानसची किंकाळी आली तेव्हा सगळी एकदम चूप झाली. शेजारची लहान मुलगी रडली. त्याच्या पुढच्या रविवारचा भाग वृंदाचा होता. मानस खुर्चीत ताठ बसून ऐकत होता. योनस काकाला किती वेळ शोधतो, गावकऱ्यांना काय विचारतो, रात्री गवतात झोपताना काय पुटपुटतो. कोणालाही काही वेगळं वाटलं नाही. शेवटी नावं आली, त्यात त्याचं नाव होतं.

"मानस भैया, आज तो आपने रुला दिया," एक मुलगा म्हणाला.

मानसनं हसायचा प्रयत्न केला आणि मान हलवली. स्वयंपाकघरात वृंदा परातीत कणीक घेऊन उभी होती, तिनं पाणी घातलं नव्हतं.

शाळेचं स्नेहसंमेलन मार्चअखेरीला असायचं. त्यात मानस योनसचं काहीतरी बोलून दाखवील असं विष्णूनं हिवाळ्यातच प्रिन्सिपलना कबूल केलं होतं. आता तो घसा बरा नाही म्हणून सांगायला गेला. प्रिन्सिपल बाई आश्चर्यानं म्हणाल्या, "पण परवाच तर टीव्हीवर ऐकला. छान तर होता!" ते भाग आधी केलेले असतात, असं विष्णू म्हणू शकला असता. त्या क्षणी त्याला ते सुचलं नाही. पत्रिका छापून झाल्या होत्या, पाहुणे ठरले होते. तो हो म्हणून आला.

स्नेहसंमेलनाच्या शनिवारी सकाळी न्याहारीला त्यानं ते वृंदाला सांगितलं.

"डॉक्टर नाही म्हणालेत," वृंदा म्हणाली. "आज नाही बोलायचं त्यानं. तुम्ही सांगा त्यांना काहीतरी."

"काय सांगू? टीव्हीवर तू बोलतेस म्हणून?"

खाली व्हॅनचा हॉर्न वाजला.

"दोनच ओळी आहेत," विष्णू म्हणाला. "माईक असतो. हळू बोलेल."

मानस दोघांच्या मध्ये बसून दूध पीत होता. त्याला कोणी विचारलं नाही. दुसऱ्यांदा हॉर्न वाजला तेव्हा वृंदा उठली, पर्स घेतली, मानसच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगदी हळू बोल हं. बिल्कुल जोर नाही लावायचा." आणि गेली.

शाळेचा हॉल भरला होता. मानसचं नाव पुकारलं गेलं तशा शिट्ट्या झाल्या. विष्णू स्टेजच्या बाजूला, पडद्याजवळ उभा होता. मानस माईकपाशी आला. घरून ठरलेल्या दोन ओळी साध्या होत्या, योनस नव्या गावात आपलं नाव सांगतो त्या. मानसनं त्या म्हटल्याच नाहीत. त्यानं श्वास घेतला आणि पुराच्या भागातली हाक मारली, पूर्ण ताकदीनं, वरच्या आवाजात.

पहिलं अक्षर निघालं. पुढे पत्रा फरफटत न्यावा तसा आवाज स्पीकरमधून आला. समोरच्या रांगेत कोणीतरी हसलं, मग सगळा हॉल हसला; त्यांना वाटलं, हा गंमत करतोय. मानसनं पुन्हा हाक मारली. पुन्हा. मान पुढे काढून, गळ्याच्या शिरा ताठ करून तो तीच तीच हाक मारत राहिला, आणि प्रत्येक वेळी आवाज कमी होत गेला, हशाही कमी होत गेला. शेवटी हॉल पूर्ण शांत झाला होता आणि माईकवर फक्त खरखर येत होती. विष्णू स्टेजवर धावला. त्यानं पोराला मागून धरलं आणि त्याच्या तोंडावर हात दाबला. मानस हाताखालीही ओरडत होता.

वृंदा संध्याकाळी परतली तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं की भाई साहब मानसला इस्पितळात घेऊन गेलेत. वृंदानं विचारलं, "क्या हुआ?" शेजारीण म्हणाली, "पता नहीं, स्टेज पर कुछ हुआ." त्या दिवशी स्टुडिओत योनसला काका सापडला होता. वृंदाला तिच्याच गालांवर सुकलेलं पाणी अजून जाणवत होतं.

शस्त्रक्रिया झाली. जखम भरली, पण तंतू जाड झाले, पुन्हा नीट मिटेनात. उन्हाळ्यात डॉक्टरांनी मानसला बोलायला सांगितलं, तेव्हा म्हाताऱ्या विडी ओढणाऱ्या माणसाचा असावा तसा आवाज आला. "एवढाच येईल," डॉक्टर म्हणाले. वृंदानं विचारलं की आणखी काही करता येईल का. ते म्हणाले की करायचं नव्हतं ते आधीच करून झालंय.

शस्त्रक्रियेच्या वेळी मालिकेचे थोडे भाग उरले होते. विष्णूनं एकदाच विचारलं, "अजून किती?"

"थोडेच."

"उरकून टाक."

तिनं उरकून टाकले. शेवटच्या भागात आंधळा काका मरतो आणि योनस एकटा वल्ही हातात घेतो. भसीननी त्या दिवशी सगळ्यांना समोसे दिले. कॉलनीतली पोरं आता रविवारी दुसऱ्या घरी जमायला लागली होती. मानसनं शेवटचा भाग पाहिला नाही.

पुढे वृंदाला कामाची कमी पडली नाही. जपानी मालिका एकामागून एक येत राहिल्या, आणि हट्टी, पोरक्या, शूर मुलांच्या आवाजासाठी तिला दिल्लीतूनच काय, मुंबईहूनही बोलावणी यायची. तिच्या कमाईवर आणि विष्णूच्या फंडावर त्यांनी नोएडात, स्टुडिओपासून फार लांब नाही अशा सेक्टरमध्ये फ्लॅट घेतला. मानसनं डिप्लोमा केला आणि मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला. प्रेसशॉपमध्ये, पत्रे ठोकून आकार देणाऱ्या विभागात, इतका गडगडाट असतो की तिथे सगळेच हातांनी बोलतात. तो तिथेच खोली घेऊन राहायचा, सणावाराला यायचा. फोनवर अनोळखी लोक त्याला "अंकल" म्हणायचे. त्यानं आईला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. एकदा तिनंच विषय काढला. तिला सगळं सांगायचं होतं, तिसरा टेक चांगला झाला होता इथपासून. तो म्हणाला, "जाऊ दे ना आई," आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

एका रविवारी तो प्रज्ञाला घेऊन आला. प्रज्ञा त्याच्याच कारखान्यात ऑफिसात होती. साताऱ्याकडचे लोक, वडील सैन्यात सुभेदार. ती लहानाची मोठी कॅन्टोन्मेंटमध्ये झाली होती. मोकळी, हसरी मुलगी. तिनं वाकून नमस्कार केला, पोहे मागून घेतले, विष्णूच्या गुडघेदुखीची चौकशी केली. वृंदाला ती पाहताक्षणी आवडली.

"काकू," ती म्हणाली, "मानसनं मला सांगितलं तेव्हा विश्वासच नाही बसला. योनस म्हणजे तुम्ही? आम्ही सगळी क्वार्टरमधली पोरं बघायचो. पप्पा तेव्हा पोस्टिंगवर होते. तो पुराचा भाग होता ना, त्यात मी इतकी रडले होते, मम्मीनं टीव्हीच बंद केला."

वृंदानं चहाचा कप खाली ठेवला. "तो भाग माझा नाही गं. तो मानसचा. मी शेवटचे थोडे केले फक्त. आधीचं सगळं त्याचंच आहे."

प्रज्ञानं मानसकडे पाहिलं. "काय? तू तर म्हणालास..."

"नाही," मानस म्हणाला. बोलताना त्याला प्रत्येक शब्दाला जोर लावावा लागायचा. "सगळे तिचेच होते. माझं नुसतं नाव द्यायचे."

"मानस," वृंदा म्हणाली.

"लहान होतो मी. बरोबर जायचो फक्त." त्यानं आईकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो एखादं कागदावरचं काम मिटवावं तसा बोलत होता. "तुला आठवत नसेल, आई."

विष्णू खिडकीकडे बघत होता.

प्रज्ञाला काही कळलं नाही. ती समजली की आई उगीच मोठेपणा मुलाला देतेय. "काकू, प्लीज, एकदा बोला ना त्याच्या आवाजात. काहीही. मी घरी सांगेन सगळ्यांना."

"आता नाही जमत गं."

"असं काय! अजून करता की तुम्ही."

"बोल ना, आई," मानस म्हणाला.

वृंदानं त्याच्याकडे पाहिलं. तो वाट बघत होता. तिनं पदर सारखा केला, घसा साफ केला, आणि त्या साठीला आलेल्या बाईच्या तोंडून बारा वर्षांचा मुलगा बोलला, "नमस्ते, प्रज्ञा दीदी. मैं योनस हूं."

प्रज्ञानं टाळ्या वाजवल्या. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. विष्णू उठून गॅलरीत गेला. मानसनं उरलेले पोहे संपवले, प्रज्ञाची बशी आपल्या बशीवर ठेवली आणि दोन्ही आत नेऊन विसळायला लागला.